मत दिलं एकाला, सरकारात दुसराच! जुन्या वळणाचा मतदार कोल्हापुरात का वैतागलाय?

कोल्हापूर महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. याआधीची निवडणूक झाली होती १ नोव्हेंबर २०१५ रोजी. तेव्हा तिसरीत शिकणाऱ्या मुलाला या वेळी पहिल्यांदा मत देता आलं.

पेठांमध्ये प्रचार जोरात होता. रिक्षावरचे भोंगे होते, तालमींच्या बैठका होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पोस्टर होते. पण या गर्दीत एक मतदार गप्प होता. तो दरवेळी न चुकता मत देतो, सकाळी लवकर जाऊन रांगेत उभा राहतो.  फक्त या वेळी उत्साह नव्हता.

हा मतदार जुन्या वळणाचा आहे. अंबाबाईला जातो, घरफाळा सवलतीच्या मुदतीत भरतो, कर्ज काढायला घाबरतो आणि काढलं तर वेळेत फेडतो. दिलेला शब्द पाळावा, नियमाने चालावं, अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्याला कुणी भाषणातून शिकवलेलं नाही. घरातूनच आलंय. त्याचं मत बहुतेक वेळा भाजप किंवा शिवसेनेला गेलेलं असतं. आज राज्यात सरकार त्याच्याच विचाराचं आहे. मग तो वैतागलाय का?

उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, त्याने जे जपायला मत दिलं तेच सत्तेच्या सोयीसाठी वारंवार वाकवलं गेलं. हे कसं झालं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

कागलचा हिशेब

हा वैताग समजून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्यातला कागल मतदारसंघ पुरेसा आहे.

२०१९ ची विधानसभा निवडणूक भाजप आणि शिवसेनेने युती करून लढवली. कागलची जागा शिवसेनेला गेली. भाजपचे समरजितसिंह घाटगे अपक्ष लढले आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिले. राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ निवडून आले. निकाल २४ ऑक्टोबरला लागला. राज्यात भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा, म्हणजे युतीला स्पष्ट बहुमत.

पुढे काय झालं ते सर्वांना पाठ आहे. मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरच्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. तीन दिवसांत ते सरकार पडलं आणि २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीने मुख्यमंत्री झाले. युतीला मत दिलेल्या माणसाला वाटलं, आपलं मत कुणीतरी उचलून नेलं.

त्यानंतर कागलमध्ये भाजपची सगळी ताकद मुश्रीफ यांच्याविरोधात लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये भाजपचे किरीट सोमय्या यांनी मुश्रीफ यांच्यावर साखर कारखान्याच्या व्यवहारांवरून आरोप केले. त्यांना कोल्हापूर जिल्ह्यात येऊ दिलं नाही, कराडलाच थांबवण्यात आलं. जानेवारी २०२३ मध्ये ईडीने मुश्रीफ यांच्याशी संबंधित ठिकाणी छापे टाकले. मुश्रीफ यांनी सगळे आरोप फेटाळले आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेलं नाही. पण गावात भाजपचं काम करणाऱ्या कार्यकर्त्याला ही आपली लढाई वाटत होती. त्याने त्यासाठी सोयरे-धायरे दुखावले, सेवा संस्थेत वैर घेतलं.

२ जुलै २०२३ रोजी अजित पवार सत्तेत आले. त्यांच्यासोबत शपथ घेणाऱ्यांत मुश्रीफ होते. ऑक्टोबरमध्ये ते कोल्हापूरचे पालकमंत्री झाले.

वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, समरजितसिंह घाटगे यांनी कागलच्या गैबी चौकात शरद पवार यांच्या पक्षात प्रवेश केला. विधानसभेला पुन्हा मुश्रीफ विरुद्ध घाटगे अशीच लढत झाली. फक्त बाजू बदलल्या होत्या. कालपर्यंत ज्यांच्याविरोधात घोषणा दिल्या, त्यांच्यासाठी भाजपच्या कार्यकर्त्याने मतं मागायची होती. मुश्रीफ जिंकले.

आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कागल नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी मुश्रीफ आणि घाटगे एकत्र आले.

आता या मतदाराच्या जागी उभं राहून पाहा. सहा वर्षांत त्याने मत बदललेलं नाही, विचार बदललेला नाही. तरी त्याचं मत कधी या तंबूत गेलं, कधी त्या. नेत्यांमध्ये समेट झाला हे चांगलंच. पण वैर घेताना त्याला सोबत घेतलं होतं, समेट करताना विचारलं नाही.

कागल एकटं नाही

२०१९ मध्ये कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही लोकसभा मतदारसंघांतून शिवसेनेचे खासदार निवडून आले, संजय मंडलिक आणि धैर्यशील माने. जुलै २०२२ मध्ये दोघेही एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. शिरोळमधून अपक्ष निवडून आलेले राजेंद्र पाटील यड्रावकर ठाकरे सरकारात राज्यमंत्री होते, तेही शिंदे यांच्यासोबत गेले.

जानेवारी २०२६ मधली बातमी घ्या. अंबरनाथ नगरपालिकेत शिंदे यांच्या शिवसेनेला बाजूला ठेवण्यासाठी भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एकत्र आले. अकोटमध्ये भाजपच्या आघाडीत एमआयएमचे नगरसेवक सामील झाले. अशा युत्या मान्य नाहीत, असं मुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं. अंबरनाथमध्ये काँग्रेसने निलंबित केलेले नगरसेवक मग थेट भाजपमध्ये दाखल झाले.

हे सगळं नवीन नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचं सरकार पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून महाराष्ट्राला फोडाफोडी माहीत आहे. फरक इतकाच, की तेव्हा ती अपवाद म्हणून चर्चेत राहिली. आता ती रोजची झाली आहे आणि त्याबद्दल कुणी खजीलही होत नाही.

मग पक्षांतरबंदी कायदा काय करतो?

हा प्रश्न प्रत्येक कट्ट्यावर विचारला जातो. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि संविधानात दहावं परिशिष्ट आलं. त्यानुसार निवडून आलेल्या सदस्याने स्वतःहून पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडून मतदान केलं, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. सुरुवातीला एक पळवाट होती. एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानली जायची आणि कारवाई होत नसे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढली. आता फक्त विलीनीकरणाला सवलत आहे, तीही दोन तृतीयांश सदस्य तयार असतील तर.

म्हणजे कायदा कडक झाला. मग महाराष्ट्रात दोन पक्ष फुटून एकही आमदार अपात्र का झाला नाही?

कारण फुटलेल्या गटांनी ‘आम्ही पक्ष सोडला’ असं म्हटलंच नाही. ‘आम्हीच मूळ पक्ष’ असं म्हटलं. मग प्रश्न अपात्रतेचा न राहता पक्ष कुणाचा यावर गेला. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार गटाला मिळालं.

दुसरं कारण, अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे असतो. अध्यक्ष स्वतः एखाद्या पक्षाचे आमदार असतात आणि साधारणपणे सत्ताधारी बाजूचेच असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात हा अधिकार वैध ठरवला, मात्र त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येईल असं सांगितलं. निर्णय किती दिवसांत द्यायचा, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

शिवसेनेच्या प्रकरणात ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला. शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यताही बेकायदा ठरवली. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असं सांगितलं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच राहिला. याचिका जून २०२२ च्या, निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी, तोही न्यायालयाने तारीख बांधून दिल्यावर. दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र नाही! १५ फेब्रुवारीला राष्ट्रवादीबाबतही तसंच झालं. या निर्णयांना आव्हान दिलेलं असतानाच त्या विधानसभेची मुदत संपली.

जुन्या वळणाच्या माणसाला यात सर्वात जास्त काय टोचतं? चूक झाली असं न्यायालय म्हणतं, पण चुकीचं फळ मात्र ज्याला मिळालं त्याच्याकडेच राहतं. घरात मुलाने परीक्षेत कॉपी केली तर बाप त्याला मार्क ठेवू देत नाही. इथे मार्कही राहिले आणि वर्गही पुढे गेला.

वेळेत फेडणारा वेडा?

दुसरी तक्रार तिजोरीची आहे.

कोल्हापूरच्या ऊस पट्ट्यात पीककर्जाची एक शिस्त आहे. गावच्या विकास सेवा संस्थेतून कर्ज मिळतं आणि कारखान्याचं बिल आलं की त्यातून ते कापून घेतलं जातं. त्यामुळे इथे नियमित परतफेड करणारे शेतकरी मोठ्या संख्येने आहेत.

२०१७ मध्ये फडणवीस सरकारने दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ केली. नियमित फेडणाऱ्याला मिळाले जास्तीत जास्त २५ हजार. २०१९ मध्ये ठाकरे सरकारने दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ केली. नियमित फेडणाऱ्याला ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन अनुदान जाहीर झालं, पण ते खात्यावर पडायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. ३० जून २०२६ पर्यंत नव्या कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असं सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं.

विदर्भ-मराठवाड्यात पाऊस दगा देतो, तिथल्या शेतकऱ्याला आधार मिळायलाच हवा, हे करवीरचा ऊस उत्पादकही मान्य करतो. त्याचा राग वेगळा आहे. दोन वेगळ्या सरकारांनी त्याला एकच धडा दिला, थांबलास तर फायद्यात राहशील. बापाने शिकवलेलं एक आणि सरकारने शिकवलेलं दुसरं!

लाडकी बहीण योजनेबाबतही त्याची अशीच ओढाताण होते. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली आणि जुलैपासून २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांना महिन्याला दीड हजार रुपये मिळू लागले. हे पैसे घराघरात पोचले आहेत. त्यातून गॅसची टाकी येते, रक्तदाबाच्या गोळ्या येतात, मुलीची वह्या-पुस्तकं येतात. त्याला हात लावा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले आणि निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली. जवळपास २६ लाख लाभार्थींचे हप्ते थांबवले गेले. लाभ घेणाऱ्यांत सरकारी कर्मचारी आणि चक्क पुरुषही सापडले. मग ई-केवायसीसाठी धावपळ. हीच तपासणी आधी केली असती तर? प्रचारात २१०० रुपयांचं आश्वासन होतं, ते जानेवारी २०२६ पर्यंत तरी बाकी होतं. विशेष म्हणजे मोफत वाटपाच्या ‘रेवडी’ संस्कृतीपासून सावध राहा, असं पंतप्रधानांनी जुलै २०२२ मध्ये सांगितलं होतं. तेव्हा याच मतदाराने मान डोलावली होती.

आकडे पाहू. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटींची दाखवली होती. राज्यावरचं कर्ज वर्षअखेर सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज होता. लोकसंख्या साधारण तेरा कोटी धरली तर माणशी सत्तर हजारांच्या आसपास.

सरकारचं उत्तरही ऐकायला हवं. राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तुलनेत हे कर्ज १९ टक्क्यांच्या आत होतं, म्हणजे २५ टक्क्यांच्या मर्यादेत. महाराष्ट्र काही दिवाळखोरीत निघालेला नाही. पण महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी उसनवारी. घर बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि वाणसामानाला काढणं वेगळं, एवढा फरक संसार करणाऱ्या कुणालाही कळतो.

पाच वर्षं नगरसेवकच नव्हते

तिसरी तक्रार थेट गल्लीतली आहे.

कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून निवडणूक होईपर्यंत प्रशासकाने कारभार पाहिला. संविधानाच्या २४३ यू कलमानुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. म्हणजे जो काळ लोकप्रतिनिधींचा असायला हवा होता, तो सगळा बिनालोकप्रतिनिधी गेला.

सुरुवातीला कोरोना होता, ते समजण्यासारखं आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची पूर्तता बंधनकारक केली. त्यात वेळ गेला. पण त्यासोबत प्रभागरचनेचा खेळ सुरू होता. २०१६ मध्ये फडणवीस सरकारने मोठ्या शहरांत चार सदस्यांचा प्रभाग आणला. ठाकरे सरकारने आधी एक सदस्याचा केला, मग २०२१ मध्ये तीनचा केला. २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा जुनी रचना आणली. दरवेळी नव्या हद्दी, नव्या हरकती, नव्या याचिका. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा चाकं फिरली.

२०१५ मध्ये कोल्हापुरात ८१ प्रभाग आणि ८१ नगरसेवक होते. एका प्रभागाला एक माणूस. नळाला पाणी आलं नाही की कुणाचं दार वाजवायचं हे ठरलेलं. आता ८१ जागा २० प्रभागांत आहेत. एका प्रभागात चार, एका ठिकाणी पाच नगरसेवक. गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाला गाठायचं?

कोल्हापूरकरांचा नगरसेवकांविषयी फार गोड समज आहे असं नाही. टोलविरोधी आंदोलनात या शहराने रस्त्यावर उतरून सरकारला टोल रद्द करायला लावला, तेव्हा सर्वपक्षीय कारभाऱ्यांचं पितळही उघडं पडलं होतं. पण वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी पाठवता येतं. प्रशासकाला कसं पाठवणार?

विशाळगड : नियम झोपला की काय होतं

चौथी गोष्ट जास्त नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही.

विशाळगड हा राज्य संरक्षित किल्ला. बाजीप्रभूंनी पावनखिंड लढवली ती शिवराय या गडावर सुखरूप पोचावेत म्हणून. गडावर दीडशेहून अधिक अतिक्रमणं असल्याची तक्रार वर्षानुवर्षं होती. निवेदनं गेली, बैठका झाल्या, प्रकरणं न्यायालयात गेली. गडाविषयी आस्था असलेला माणूस वाट पाहत राहिला. या काळात सर्व प्रमुख पक्षांची सरकारं येऊन गेली.

१४ जुलै २०२४ रोजी ‘चलो विशाळगड’ची हाक दिली गेली. त्या दिवशी जमावाने वाटेवरच्या गजापूरमध्ये घरांवर आणि मशिदीवर हल्ला केला. ज्यांची घरं फुटली त्यांचा गडावरच्या अतिक्रमणाशी संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रशासनाने अतिक्रमणं काढायला सुरुवात केली. जे काम इतकी वर्षं होत नव्हतं ते हिंसाचारानंतर चोवीस तासांत सुरू झालं. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने भर पावसाळ्यातली पाडापाडी थांबवली.

जुन्या वळणाच्या माणसाला गड मोकळा हवा होता. पण त्याला कायद्याचं राज्यही हवं होतं. सरकारने त्याला या दोन्हींपैकी एक निवडायला लावलं. नियमाने मागितलं तर मिळत नाही आणि दगड उचलला की मिळतं, हा धडा कर्जमाफीच्या धड्यासारखाच आहे. फक्त त्याची किंमत गजापूरच्या संसारांनी मोजली.

मग २०२४ चा निकाल असा कसा?

इथे एक रास्त शंका येते. हा मतदार इतका वैतागला होता, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीला एवढं यश कसं मिळालं? राज्यात भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. कोल्हापूर जिल्ह्यात तर दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या सोबतच्यांकडे गेल्या.

एक कारण साधं आहे. त्याच्यापुढे दुसरा पर्याय कुठला होता? कागलमध्ये दोन्ही प्रमुख उमेदवारांनी बाजू बदललेल्या होत्या. फोडाफोडीचा निषेध म्हणून मत द्यायचं तर २०१९ ला युती मोडणाऱ्यांना द्यायचं का? त्याने नाक मुरडत जवळचा वाटला तो निवडला.

दुसरं कारण त्याला स्वतःला ऐकायला आवडणार नाही. या सगळ्यात त्याचाही वाटा आहे. २०१९ मध्ये युती मोडली तेव्हा तो संतापला. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ‘बरी अद्दल घडली’ म्हणाला. दोन्ही वेळा मोडला तो मतदाराला दिलेला शब्दच. दुसऱ्या वेळी मोडणारे त्याला आपले वाटले, एवढंच. २०२३ मध्ये राष्ट्रवादी सोबत आली तेव्हा ‘राजकारणात करावं लागतं’ अशी त्याने स्वतःची समजूत घातली. छापे विरोधकांवर पडले तेव्हा त्याला ती कायद्याची कारवाई वाटली. तेच नेते सोबत आल्यावर कारवाईचं पुढे काय झालं, हे विचारणं मात्र त्याने टाळलं. आपल्या बाजूने नियम वाकवला की त्याला मुत्सद्देगिरी म्हणायचं आणि समोरच्याने वाकवला की गद्दारी, ही सवय एका पक्षाच्या मतदारांपुरती नाही. पण जो स्वतःला परंपरेचा पाईक म्हणवतो त्याने तरी ती सोडायला हवी. कारण नियम, शब्द, शिस्त या गोष्टी जपण्यासारख्या आहेत असं तोच तर म्हणत आला आहे.

नेता चांगला मिळाला की सगळं नीट होईल, ही आशा त्याने फार काळ धरली. नेते बदलले, युत्या बदलल्या, तो जिथे होता तिथेच आहे. आता त्याने माणसांपेक्षा नियमांसाठी भांडायला हवं.

काय मागता येईल?

या मागण्या कुठल्याही पक्षाच्या विरोधात नाहीत, म्हणूनच त्या सगळ्याच पक्षांना अडचणीच्या आहेत.

पहिली, अपात्रतेच्या निर्णयाला मुदत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात तीन महिन्यांची मर्यादा सुचवली आणि हे काम अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावं का, याचा संसदेने विचार करावा असं म्हटलं. ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणच्या प्रकरणातही अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय द्यायला सांगितलं. बदल संसदेने करायचा आहे. कोल्हापूरच्या दोन्ही खासदारांना याबद्दल विचारता येईल. त्यांतले एक काँग्रेसचे आहेत, एक शिवसेनेचे. दोघांनाही विचारावं.

दुसरी, प्रभागरचना निवडणुकीच्या तोंडावर बदलायची नाही. सभागृहाची मुदत संपायच्या किमान वर्षभर आधी जी रचना असेल तीच राहील, एवढी तरतूद राज्याच्या कायद्यात करता येते.

तिसरी, नवी योजना जाहीर करताना तिचा पाच वर्षांचा खर्च, तो कुठून येणार आणि पात्रता कशी तपासणार, हे सभागृहात आधी मांडायचं. आणि कर्जमाफी देताना नियमित फेडणाऱ्याचं अनुदान त्याच दिवशी द्यायचं, तीन वर्षांनी नाही.

चौथी, तालुक्याच्या पातळीवरची. निवडून आल्यावर दुसऱ्याशी हातमिळवणी करायची असेल तर करावी, पण त्याआधी ज्या कार्यकर्त्यांना वैर घ्यायला लावलं त्यांच्यासमोर उभं राहून कारण सांगावं. हे कायद्याने होणार नाही, लाजेने होईल. ती लाज वाटायला लावणं मतदाराच्या हातात आहे.

मतदान करताना लक्षात ठेवा

मतदान केंद्रावर आता एक मत देऊन भागत नाही. प्रभागात जितक्या जागा, तितकी मतं द्यायची असतात. बहुतेक प्रभागांत चार. प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र बटण दाबावं लागतं आणि प्रत्येक जागेला ‘नोटा’चा पर्यायही आहे. चारही मतं एकाच चिन्हाला दिली पाहिजेत, असं कुठेही लिहिलेलं नाही.

प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला दोन प्रश्न विचारता येतील. गेल्या दहा वर्षांत तुमचे पक्ष किती झाले? आणि आमचं पाणी आलं नाही तर चौघांपैकी फोन तुम्ही उचलणार का?

पहिल्या प्रश्नाला बरेच जण हसून वेळ मारून नेतील. जो सरळ उत्तर देईल, त्याचं नाव लिहून ठेवावं. मग निकालानंतर तो कुठे जाऊन बसतो, तेही पाहावं.